हिशेबातली दिवाळी

जळगाव म्हटले की लोकांना खानदेशातले जळगाव आठवते. आमचे जळगाव निराळे. सातपुड्याच्या पायथ्याचे, बुलढाणा जिल्ह्यातले, आणि जामोदचे नाव जोडल्यावाचून ओळख न पटणारे. दिवाळी आणि कापसाची वेचणी इथे बहुधा बरोबरच येतात.

मास्तरकी संपल्यापासून मी चार एकरांचा धनी आहे. परवा वेचलेल्या कापसाचे वजन चालले असता एक बाई पुढे झाली. चौथीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती.

"गुर्जी, किलोमागं दोन रुपये वाढवा जी. तेलाचा भाव पाह्यला का?"

मी कापसाचा उतरलेला भाव, फवारणीचा खर्च, असे सारे पुराण लावले. ती मुकाट्याने निघून गेली. वाद मी जिंकला खरा, पण रात्री जेवण काही गोड लागेना.

कपाटातली जुनी टिपणे काढली. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, त्यात शेतमजूरही आला. पण किमान म्हणजे किती? १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे माप ठरवले. कमावणारा १, त्याची बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, एकूण ३. मोठ्या माणसाला दिवसाला २७०० उष्मांकांचे अन्न, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वेतनाचा पाचवा हिस्सा.

दुसऱ्या दिवशी बांधावर मी तिला हे मोठ्या हौसेने सांगितले. ती हसली.

"माणशी अठरा वार? दोन लुगड्यांतच सरले की जी! चोळी कायची करू?"

मी गप्प.

"अन् कमावती तं मीच. घरवाला पाय मोडून बसला. मंग पाऊण माणूस कोण, तो का मी?"

याचे उत्तर माझ्या टिपणात नव्हते. बाईची कमाई त्या मापाने धरलीच नव्हती.

"बरं, दिवाळी कोणत्या रकान्यात हाय?"

वाचकहो, दिवाळीला रकाना नव्हता! मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी किमान वेतनात २५ टक्के वाटा धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९१ साली. कागदावरच्या हिशेबात मजुराची दिवाळी यायला ३४ वर्षे लागली. माझ्या वहीत तर ती अजून आलीच नव्हती.

संध्याकाळी वजन झाल्यावर मी किलोमागे दोन रुपये वाढवून पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने दोनदा मोजले आणि तिथेच उभी राहिली.

"गुर्जी, परवाचं राह्यलं."

परवाचेही दिले. काय करणार? हे गणित तिला मीच शिकवले होते.