टाळी आणि प्रेक्षक

शाळकरी मुलांतील दादागिरीवर ‘सामान्य वाचकाला कळेल असे’ काही लिहावे, अशी संपादकांनी आज्ञा केली, त्या वेळी समुपदेशक या नात्याने हाताळलेले त्याच जातीचे एक प्रकरण माझ्या मनात सलत होते, आणि ते अद्यापि सलते. वाशीच्या घाऊक बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगाराचा आठवीतला मुलगा; वर्गाने त्याला ‘गोणी’ असे नाव बहाल केले, मधल्या सुटीत त्याचा डबा पालथा होई, आणि वडिलांचे पाठीवर पोते घेतलेले छायाचित्र मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत राही. वडिलांनी रीतसर अर्ज दिला. शाळेने त्याला आणि त्याला छळणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांच्या दालनात उभे करून हस्तांदोलन करविले, टाळी एका हाताने वाजत नाही असा निवाडा दिला आणि अर्ज दफ्तरदाखल केला. सहामाहीनंतर मुलाचा दाखला निघाला.

या टाळीविषयी मला किंचित विस्ताराने बोलले पाहिजे. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी सोबत्यांच्या छळामुळे आत्महत्या केल्या. पुढल्या वर्षी तेथील सरकारने देशव्यापी मोहीम काढली, आणि बर्गनचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी हेतू, पुनरावृत्ती आणि बलाची विषमता ही छळाची तीन लक्षणे सर्वमान्य केली. पैकी तिसरे लक्षण आमच्या शिक्षकांच्या गळी उतरवणे हे माझे निम्मे आयुष्य आहे. समबलांचे भांडण समेटाने मिटते, कारण तेथे दोघांकडेही सोडण्यासारखे काही असते. ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काहीच नाही, त्याला समेटास बसवणे म्हणजे छळणाऱ्याच्या हाती मुख्याध्यापकांच्या सहीची सनद देणे होय.

शिवाय टाळीला हात दोन असले, तरी ती ऐकणारे चाळीस असतात. टोरोंटोच्या शाळांत मैदानावरील मुलांचे चित्रण करून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात १०० पैकी ८८ प्रसंगी इतर मुले हजर होती, मधे पडली ती केवळ १९ प्रसंगी. मात्र मधे पडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतील निम्म्याहून अधिक वेळा छळ १० सेकंदांत थांबला. हा आकडा मी पालकसभेत सांगतो, तेव्हा सभा मोबाईलकडे पाहत असते. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या ख्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी प्रेक्षकांनाच मधे आणण्याच्या तत्त्वावर ‘किवा’ नावाची पद्धत उभारली. तीत शिक्षक प्रथम पीडित मुलाशी आणि नंतर छळणाऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलतात, वर्गात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा दोनचार मुलांना पीडिताच्या पाठीशी उभे राहण्यास सांगतात, आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा चौकशी करतात. यात खर्चिक असे काहीच नाही. वेळ लागतो, आणि तोच आमच्याकडे नाही.

पालकांची मागणी मात्र एकच असते : ‘त्या पोराला काढून टाका.’ महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा त्यांनी ऐकलेला असतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षे अन्यत्र प्रवेश नाही, असे तो म्हणतो. उलट २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईतो कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. मला विचाराल तर दुसरा कायदाच शहाणा आहे. काढलेला मुलगा शेजारच्या सेक्टरमधील शाळेत जातो आणि तेथे नवी ‘गोणी’ शोधतो.

१०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिले. निर्देश स्तुत्य आहेत. माझे मेज मात्र क्रीडासाहित्याच्या खोलीत आहे, आणि शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे येतो. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगलेली आहे; तीत चिठ्ठी टाकणारा हात अवघ्या शाळेला दिसतो, आणि पेटी रिकामी निघाली की शाळेत छळ नाही असा अहवाल रवाना होतो.

पालकांना विनंती इतकीच : मुलाने सांगितले तर ‘तू काय केलेस?’ हा प्रश्न आधी विचारू नका; दिनांक, स्थळ आणि तेथे हजर असलेल्यांची नावे लिहून अर्ज द्या, गटावरील संदेश पुसण्यापूर्वी जपून ठेवा, आणि अर्जाच्या प्रतीवर शाळेच्या शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय घरी परतू नका. शाळा दाद देत नसेल, तर बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. त्या क्रमांकावर मूल स्वतःही फोन करू शकते.