मावशींच्या रात्रपाळीचं ऋण

खराडीतल्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे बी.कॉम.ची पदवी होती, एक्सेल बरं यायचं, पण जहाज मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून समुद्र लांब. काम होतं अमेरिकेत फर्निचर मागवणाऱ्या ग्राहकांच्या कंटेनरवर लक्ष ठेवण्याचं, आणि तेही रात्री. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतात. त्यांचा दिवस ती आमची पाळी.

वडिलांनी नको म्हटलं. चंदननगरच्या माझ्या खोलीवर ते समजवायला आले, तेव्हा घरमालकीण मावशी चहा घेऊन वर आल्या. सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून त्यांची उभी नोकरी झाली होती. त्या म्हणाल्या, “भाऊ, रात्री कामाला जाणाऱ्या बाईला लोक काय बोलतात ते मी ऐकलंय. पण आपलं माणूस आजारी असतं तेव्हा त्याच्या उशाशी रात्रभर जागणारी बाईच असते.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “गाडी कंपनीची आहे ना? शेवटी उतरणारी तूच असलीस तर सोबत गार्ड असतो का? एचआरकडून लेखी घे.” मी घेतलं. वडील तो कागद वाचून गावी परतले. माझी नोकरी तिथे सुरू झाली असं मी मानते.

रुजू व्हायला थोडा अवधी होता. मी तयारी म्हणून शब्द पाठ करत बसले होते: बिल ऑफ लेडिंग, डिमरेज, इन्कोटर्म्स. इन्कोटर्म्स २०२० मधल्या अकरा अटी मला क्रमाने म्हणता येत होत्या. एफओबी असेल तर माल जहाजावर चढल्यावर जोखीम खरेदीदाराची, हे लिहिता येत होतं, पण त्याचा रात्रीच्या फोनशी संबंध काय हे कळत नव्हतं. शरीराची तयारी करायची असते, हे तर माझ्या गावीही नव्हतं.

ती मावशींनी करून घेतली. झोपेची वेळ रोज थोडी पुढे न्यायला लावली. खिडकीला जाड काळा कपडा शिवून दिला. पाळीच्या मध्यावर हलकं खायचं, भाकरी-भाजी पोटभर खायची ती निघण्याआधी. मध्यरात्रीनंतर चहा बंद, कारण तो सकाळच्या झोपेत आडवा येतो. सुट्टीच्या दिवशीही झोपेचे काही तास तेच ठेवायचे. शरीरातल्या घड्याळाचं काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं, हे मी नंतर वाचलं. मावशींना ते घड्याळ वॉर्डात जागून कळलेलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला माणूस सर्वांत मंद होतो, म्हणून त्या वेळी औषधाचं लेबल दोनदा वाचायचं, हा त्यांचा नियम. मी त्या वेळी कंटेनर नंबर दोनदा वाचू लागले.

कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी तपासणीचा एक आकडा. एक अक्षर चुकलं तर आपण दुसऱ्याच कुणाचा माल शोधत बसतो. फोनवरचे अमेरिकी उच्चार मला झेपतील का, या धास्तीने मी मावशींपाशी बसले. त्या म्हणाल्या, “रात्री डॉक्टर फोनवर ऑर्डर द्यायचे. मी ती लिहून घ्यायची, त्यांना वाचून दाखवायची, त्यांनी हो म्हटलं की मगच औषध. यात कमीपणा कसला?” मग त्यांनी वर्तमानपत्रातून वाट्टेल ती अक्षरं-आकडे वाचायचे, मी अल्फा, ब्राव्हो, चार्ली करत परत म्हणायचं, असा सराव सुरू झाला. फोनची भीती तिथे गेली.

अमेरिकेला समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाची सुरक्षाविषयक माहिती, माल जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी तिथल्या कस्टम्सकडे जावी लागते. चुकलं तर आयातदाराला ५,००० डॉलरपर्यंत दंड. अशी कामं एका पाळीत संपत नाहीत, ती पुढच्या माणसाच्या हातात द्यावी लागतात. मावशींनी मला त्यांची ‘ओव्हर’ द्यायची रीत सांगितली. पेशंटच्या खाटेशी उभं राहून सांगायचं: काय झालं, काय दिलं, काय बाकी आहे, कशावर नजर ठेवायची. “तुझ्या डोक्यात राहिलेलं पुढच्या सिस्टरच्या उपयोगाचं नाही,” त्या म्हणत. माझी पाळी संपवणारी मेल आजही त्याच चार ओळींची असते.

डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडला. मुंद्रा आणि न्हावा शेवाहून निघालेले आमचे कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागले. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. त्या रात्री मेलचा पूर आला. मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्यांना आधी उत्तर द्यावं असं वाटत होतं. तेव्हा मावशींनी कधीतरी अपघात विभागाबद्दल सांगितलेलं आठवलं: ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प पडलेल्याकडे आधी बघावं. मी मेल बाजूला ठेवून यादी काढली. कुणाचा साठा किती दिवस पुरेल, कुणाचं दुकान उघडायचं आहे, कुणाच्या मालाला दुसरा मार्ग शिल्लक आहे. एका लहान दुकानदाराने एकही मेल केलेली नव्हती, आणि सर्वांत आधी माल संपणार होता तो त्याचाच. पहिला फोन मी त्याला केला. त्या वेळी सुचलेलं शहाणपण माझं नव्हतं.

पुढे बढती मिळाली. अर्जात शिक्षण, प्रशिक्षण, प्रमाणपत्रं असे रकाने होते. पुरवठा साखळीचा ऑनलाइन कोर्स त्यात लिहिता आला. वॉर्डात जागून काढलेल्या एका बाईच्या रात्री मात्र कुठल्याच रकान्यात बसत नव्हत्या, आणि मला काम आलं ते त्यांच्यामुळे. मावशींना कंटेनर म्हणजे काय हे मीच सांगितलं होतं. रात्री जागून दुसऱ्याचं काम सांभाळणं म्हणजे काय, हे त्यांनी मला शिकवलं. त्याची फी त्यांनी कधी मागितली नाही, भाड्याच्या पावतीत कधी धरली नाही. हे ऋण फिटणारं नाही. निदान ते कुणाचं आहे, हे चार लोकांसमोर लिहून ठेवणं माझ्या हातात आहे, ते करते आहे.