टीव्हीसमोरचं बॉक्सिंग आणि उतरलेली साखर

पालघर-बोईसरकडचा जुलैतला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना "रोज चाळीस मिनिटं चाला" हा सल्ला त्या दिवसांत किती पोकळ वाटतो हे सांगायला नको. तरी मी तो देतोच. गेल्या पावसाळ्यातही दिला. समोर होते बोईसरला राहणारे, तारापूर एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करणारे एक गृहस्थ. (त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय चोपन्न, मधुमेह नऊ वर्षांचा, तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४. मी ग्लिमेपिराइडचा डोस वाढवला.

उठता उठता ते म्हणाले, "डॉक्टर, चालणं होत नाही, पण आठवड्यापासून मी बॉक्सिंग खेळतो. टीव्हीवर. मुलाने जुनं मशीन आणलंय, समोर उभं राहून हात मारायचे."

मी हसलो. "म्हणजे व्हिडिओ गेमच ना? तो व्यायाम नव्हे हो." बाहेर तीस पेशंट थांबले होते. विषय तिथेच संपला.

बारा-तेरा दिवसांनी ते पत्नीसह आले. आदल्या रात्री दुसरी पाळी करून साडेअकराला घरी आले होते. जेवण गरम होईपर्यंत मुलाबरोबर एक डाव म्हणून सुरू झालं ते चाळीस मिनिटं चाललं. घाम आला, तो खेळाचाच असणार असं सगळ्यांनी धरलं. हात थरथरले, तो थकवा. मग ते असंबद्ध बोलायला लागले. "मी मशीनने बघितलं तर शुगर ४८," वहिनी म्हणाल्या. त्यांनी लगेच साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. अजून अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं, हे मी त्यांच्यासमोर मोठ्याने बोललो नाही.

चूक माझी होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही. काम करणारा स्नायू तर रक्तातली साखर स्वतःहूनच ओढून घेतो. वाढवलेली गोळी, रिकामं पोट आणि नवा व्यायाम, तिन्ही एकत्र आले. तिसरी गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, आणि मी ती व्यायामात धरलीच नाही.

मग एका रविवारी मी स्वतः जाऊन ते बघितलं. यंत्र म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट, २०१० साली आलेला, आता बनत नाही. पण सेकंड हँड मिळतो. त्याआधी २००३ मध्ये सोनीचा आयटॉय आला होता. तो साधा कॅमेरा, चित्रात कुठे हालचाल झाली एवढंच त्याला कळे. कायनेक्ट खोलीत डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे हजारो ठिपके टाकतो, ते कुठे किती सरकले यावरून प्रत्येक गोष्ट किती लांब आहे ते मोजतो आणि त्यातून शरीराचे वीस सांधे शोधतो. हे सगळं सेकंदाला तीस वेळा. म्हणूनच खिडकीतून थेट ऊन आलं की तो गोंधळतो. वहिनींच्या साडीत त्याला पाय सापडेनात, पडद्यावरची त्यांची बाहुली लंगडायला लागली आणि सगळ्यांना हसू फुटलं. आता तर फोनचा साधा कॅमेराही सॉफ्टवेअरच्या जोरावर सांधे ओळखतो, असे खेळही निघाले आहेत.

एका खेळाडूला साधारण सहा फूट जागा लागते, दोघांना आठ. त्यांच्या हॉलमध्ये त्यासाठी टीपॉय रोज बाहेर काढावा लागतो.

मी दहा मिनिटं बॉक्सिंग केलं. नाडी ११८. वाक्य बोलता येत होतं, गाणं म्हणता आलं नसतं. म्हणजे मध्यम व्यायाम झाला. नंतर टेबल टेनिस खेळलो तर मनगट हलवूनही भागतं हे लगेच लक्षात आलं. कॅमेऱ्याला सांधा कुठे गेला ते दिसतं, तुम्ही किती जोर लावला ते नाही. बॉलिंग आरामात होतं. त्यामुळे "अर्धा तास गेम खेळलो" या वाक्यावरून मला काहीच कळत नाही. कोणता खेळ, कसा खेळलात आणि धाप लागली का, ते सांगा.

दुसऱ्या दिवशी माझा उजवा खांदा असा धरला की बीपीचा पट्टा बांधताना जीव कळवळला. कारण साधं आहे. खऱ्या बॉक्सिंगमध्ये ठोसा पिशवीवर अडतो. इथे समोर हवा. जोरात फेकलेला हात थांबवायचं काम खांद्यामागच्या लहान स्नायूंवर येतं. २००७ मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरांनी स्वतःचंच असं दुखणं न्यू इंग्लंड जर्नलला पत्राने कळवलं होतं. ते हातात रिमोट धरून 'वी'वर टेनिस खेळत होते, आणि त्यांनी त्या दुखण्याला गमतीने 'वीआयटिस' नाव दिलं. मी त्यावर तेव्हा हसलो होतो.

तुम्हाला मधुमेह असेल आणि घरात असं काही सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते हसले तरी. गोळी स्वतःहून बंद करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी खेळू नका आणि सुरुवातीचे काही दिवस आधी आणि नंतर साखर तपासा. व्यायामानंतर साखर काही तासांनीही उतरू शकते, झोपेतसुद्धा. घाम खेळाचा की साखरेचा, हे डोळ्यांना ओळखता येत नाही. खेळ थांबवून पाच-दहा मिनिटांत घाम ओसरला नाही, हात थरथरतायत, चिडचिड किंवा गोंधळ वाटतोय, तर आधी मशीन लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग जेवा. माणूस नीट गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. छातीत दुखण्याचा त्रास, तोल जाणं किंवा डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल तर सुरू करण्याआधी विचारा.

त्यांची गोळी मी कमी केली. आता ते जेवून तासाभराने खेळतात आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी. दिवाळीनंतर सरासरी साखर ७.५ आली. बॉलिंगमध्ये मात्र वहिनी रोज जिंकतात, सलवार-कमीज घालून. यात कॅमेऱ्याचीच काहीतरी गडबड आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.