तीन दिवसांचं पीठ



आषाढातली अष्टान्हिका झाली, पौर्णिमा उलटली, आणि पिठाची मर्यादा पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आली. थंडीत सात, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी हे माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. कार्तिकी पौर्णिमेनंतर सात, फाल्गुनी पौर्णिमेनंतर पाच, आषाढी पौर्णिमेनंतर तीन. वर्षाच्या या तिन्ही सांध्यांवर शुक्ल अष्टमीपासून आठ दिवस नंदीश्वराची पूजा असते. पूजेची सांगता झाली की दुसऱ्या दिवशी डब्याचा नियम बदलतो. मी बी.कॉम., त्यामुळे मला हे तेव्हाच फार आवडलं. एका खात्याचं क्लोजिंग, दुसऱ्याचं ओपनिंग, आणि तारीख कुणी विसरू नये म्हणून आठ दिवसांचं पर्व.

पण आषाढाच्या पर्वाला निवांत बसलेली बाई मी तरी पाहिलेली नाही. मृग लागायच्या आत गव्हाला, डाळींना उन्हं द्यायची, तूरडाळीला एरंडेल चोळायचं, पापड, सांडगे, शेवया कोरड्या डब्यांत भरायच्या. ते उरकतं न उरकतं तोवर शाळा सुरू. वह्यांची कव्हरं, रेनकोट, तीन तीन दिवस न वाळणारे गणवेश. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे घरटी थोडी तरी शेती, म्हणजे पेरणीची धांदल वेगळीच. त्यातच चतुर्दशीला त्यागींच्या चातुर्मासाची स्थापना होते आणि चौका लावायची पाळी येते. गंमत बघा, पावसात उगवलेल्या जीवांना पायाखाली त्रास नको म्हणून त्यागी ज्या दिवसांत एका जागी थांबतात, नेमक्या त्याच दिवसांत आपण संसारी माणसं सगळ्यात जास्त धावत असतो. बदल्या जूनमध्ये, ॲडमिशनं जूनमध्ये.

सासूबाईंना आषाढात सामायिकाला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बस्तीत जाऊन दर्शन घ्यायच्या, गंधोदक लावायच्या आणि परत यायच्या. त्यांची खरी बैठक पिठाच्या डब्यापाशी. जुनं पीठ संपवून डबा पालथा घालायचा, कोपऱ्यात चिकटलेलं पीठ मऊ फडक्यानं झटकायचं, कारण जीव तिथेच आधी पडतात. मग कोरडा करून, उजेडाकडे धरून बघायचा. तेवढ्यात त्यांचे नऊ णमोकार होत. नऊ णमोकार म्हणजे सत्तावीस श्वास, एक कायोत्सर्ग. मी डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली तेव्हा त्या हसल्या होत्या. त्यांना तारीख लागायची नाही. मला मात्र चिठ्ठीशिवाय चैन पडत नाही. मालाच्या साठ्यावर तारीख नसेल तर तो हिशेबच कसला?

देवाबद्दल आपल्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. आपला देव वीतराग. तो पाऊस पाडत नाही, नातवाला पास करत नाही, रागावत नाही आणि धावूनही येत नाही. इतर मैत्रिणी सहज म्हणतात, "देवानं माझं ऐकलं." मला तसं म्हणता येत नाही. मग रोजच्या घाईत देव भेटायचा तो कुठे? शास्त्रात गृहस्थाच्या हातून हिंसा होण्याची पाच ठिकाणं सांगितली आहेत: उखळ, जातं, चूल, पाण्याचा घडा आणि केरसुणी. ही पाचही ठिकाणं बायकांच्याच हातातली आहेत, हे मला लहान वयात थोडं खटकायचं. सगळा दोष आमच्याच पदरात का? पुढे पुढे तीच यादी मला दुसऱ्या बाजूनं दिसायला लागली. जिथे हिंसा होते तिथेच ती टाळता येते, आणि ते कुणाला जमणार असेल तर आम्हालाच. अंगात घाई असताना एका पोरकिड्यासाठी हात थांबतो, त्याला सुपातून अलगद बाजूला ठेवला जातो, त्या क्षणी वीतरागाची थोडी ओळख पटते. माझ्यापुरती तरी एवढीच.

यंदा आमच्या घरातलं मापच बदललं. मुलाची आणि सूनबाईची दोघांची कामं पुण्यात गेली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती नातवंडांसह तिकडे राहायला गेली. सहा माणसांना तीन दिवसांचं चार किलो पीठ लागायचं. आता आम्ही दोघं, किलोभर पुरतं. गिरणीवाला भला माणूस, पण म्हणाला, "काकी, एक किलोसाठी पट्टा चालू करायचा?" शिवाय एवढंसं दळलं तर आधीच्या माणसाचंच पीठ त्यात जास्त. यांचं म्हणणं, "दोघांसाठी तीन तीन दिवसांनी हा खटाटोप कशाला? पिशवी आणू विकतची." ते चुकीचं बोलत होते असं नाही. कुणासाठी सांभाळायचा हा नियम, हा प्रश्न मलाही पडला होता. पाहणारं कुणी नाही, शिकणारं कुणी नाही.

मंडळातल्या बायका म्हणाल्या, "आता तुम्ही मोकळ्या झालात, सकाळ-संध्याकाळ सामायिक करा." चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आठही दिवस बस्तीत पूजेला पूर्ण वेळ बसले. वेळ होता, पण मन जाग्यावर नव्हतं. साडेबाराला नातवाच्या डब्याची वेळ झाली की हात आपोआप हलायचा. नंदीश्वराचं अर्घ्य वाहताना एक गोष्ट मात्र यंदा वेगळी कळली. नंदीश्वर हे आठवं द्वीप. तिथे बावन्न जिनमंदिरं आहेत, आणि माणसाला तिथे जाता येत नाही. माणसाची धाव अडीच द्वीपांपर्यंतच. देव तिथे जाऊन पूजा करतात आणि आपण इथे आपल्या पाटावर बसून. जिथे पाऊल पोहोचणार नाही, तिथली आठवण ठेवून घरूनच अर्घ्य वाहायचं. पुणं तर अवघं सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, हे मी स्वतःला बजावलं आणि तरी डोळे पुसलेच.

घरघंटी घेतली. ती चालवायचं काम यांनी आपण होऊन उचललं. गहू निवडून द्यायचा तेवढा माझा. तिचा आवाज दुपारच्या झोपेचं वाटोळं करतो, ते चालायचंच.

सूनबाईचं सांगते. ती मनानं चांगली आणि स्पष्ट. जाताना म्हणाली, "आई, मला दर तिसऱ्या दिवशी दळण जमणार नाही. जमेल म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल." मला तिचं हे बोलणं आवडलं. खोटं बोलून पाळलेल्या नियमापेक्षा ते बरं. मुलांचं जेवण दिवस मावळायच्या आत, पीठ चाळून आणि डबा पुसून, एवढं तिनं स्वतःहून धरलंय. दळणाचं तिचं तिनं बघावं, मी विचारणार नाही. पितळी झाकणाचा मोठा डबा, सासूबाईंचा, मी तिला दिला. माझ्याकडे आता दीड किलोचा स्टीलचा आहे. पुसायला चार णमोकार पुरतात, मग उरलेले पाच मी तसेच हातात फडकं धरून म्हणते.

दिवाळीला निर्वाण लाडूसाठी सगळी इकडे येणार आहेत. कार्तिकी पौर्णिमा त्यानंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे दिवाळीतही पीठ तीनच दिवसांचं. सहा माणसं, चार किलो, आणि मोठा डबा पुण्यात. येताना तो घेऊन या, हे सांगायचं अजून राहिलंय.