कोट्यधीश ताई

आम्ही कारकून माणसे. नायगावात लोकांचे अर्ज भरून देण्यात वीस वर्षे गेली. मागे एका विधवा ताईंच्या निराधार अनुदानाच्या अर्जात उत्पन्नाच्या रकान्यात बँकेचा खाते क्रमांक पडला. संगणकाने तो मुकाट घेतला. ताई कोट्यधीश ठरल्या, अर्ज बाद! तीन महिने हेलपाटे झाले.

संगणक शिकणारा पुतण्या म्हणाला, "काका, याचा इलाज रॉबिन मिल्नर यांनी कधीच काढलाय."

इंग्लंडच्या मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एडिंबरा विद्यापीठात सहकाऱ्यांसह एमएल ही संगणकभाषा घडवली. तिच्यात प्रत्येक गोष्टीला टाइप, म्हणजे प्रकार असतो. ('जात' हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला.) उत्पन्न आणि खाते क्रमांक दोन्ही आकडेच, पण ते वेगळे प्रकार ठरवता येतात, अदलाबदल झाली तर काम सुरू होण्याआधीच भाषा अडवते. प्रत्येक ठिकाणी प्रकार लिहून द्यावा लागत नाही, वापरावरून ती ओळखते. ही रीत मिल्नर यांनी १९७८ मध्ये मांडली. रॉजर हिंडली यांना तीच १९६९ मध्ये तर्कशास्त्रात सापडली होती.

मिल्नर यांनी पीएच.डी. केलीच नाही, तरी प्राध्यापक झाले; १९९१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आम्हा बी.कॉम.वाल्यांना हे वाचून बरे वाटले.

मात्र वीस हजारांऐवजी दोन लाख लिहिले, तर दोन्ही उत्पन्नच. तिथे एमएलही गप्प. ताईंचा नवा अर्ज आम्ही दोनदा मोठ्याने वाचून मगच दिला.