बुधवारच्या बाजारातल्या हिरव्या शेंगा

काही वर्षांपूर्वी यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं सायप्रसला राहिलो. भूमध्य समुद्रातलं छोटं बेट, राजधानी निकोसिया. तिथे मला प्रॅक्टिस करायची परवानगी नव्हती. पंधरा वर्षं रोज ओपीडी केलेल्या बाईला अचानक रिकामा वेळ मिळाला की ती काय करते? मी भाजी आणायला जायला लागले. चार वर्षांच्या मुलाचा हात धरून, पिशवी घेऊन, दर बुधवारी.

निकोसियाच्या जुन्या शहराभोवती व्हेनिसच्या लोकांनी सोळाव्या शतकात बांधलेला गोल तट आहे, त्याला अकरा बुरूज. त्यातल्या कॉन्स्टांझा बुरुजावर तेव्हा बुधवारी बाजार भरायचा. आसपासच्या गावांतले शेतकरी गाड्या लावून बसायचे. आपल्या आठवडे बाजारासारखाच गलका, फक्त भाषा ग्रीक.

पहिल्याच बुधवारी एका गाडीवर मातीने माखलेले जाडजूड कंद दिसले आणि मी थबकले. अळकुड्या! अळूचाच कंद, पण आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. तिथे त्याला 'कोलोकासी' म्हणतात. विकणाऱ्या आजींनी खुणा करून सांगितलं की सोलल्यावर धुवायचं नाही, फडक्याने पुसायचं, आणि सुरीने सरळ न चिरता सुरी खुपसून तुकडा मोडून काढायचा, म्हणजे बुळबुळीत होत नाही. वर लिंबू पिळायचं. आपण फतफत्यात चिंच घालतो ते आठवलं. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांनी. म्हणून नीट शिजवायचं आणि जोडीला आंबट घ्यायचं ही युक्ती दोन्हीकडच्या बायकांना ठाऊक.

मग ओळखीच्या गोष्टी सापडतच गेल्या. चवळी तिथे 'लुव्ही', उकडून पालेभाजीबरोबर, वरून ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. उन्हाळ्यात घोळ, जी आपल्याकडे हल्ली शोधावी लागते, ती तिथे सॅलडमध्ये कच्ची खातात. माझे पेशंट 'मेडिटेरेनियन डाएट' म्हणजे काहीतरी महागडं प्रकरण समजतात. मी बघत होते ते डाळी, पालेभाज्या, लिंबू आणि तेल. (हलुमी चीज मात्र खारट असतं. बीपीवाल्यांनी चवीपुरतंच.)

त्या कंदवाल्या आजींशी आमची गट्टी जमली. ग्रीकमध्ये आजीला 'याया' म्हणतात, माझा मुलगाही त्यांना यायाच म्हणायचा.

एप्रिलमध्ये त्यांच्या गाडीवर लांब, फुगीर, हिरव्या शेंगांचा ढीग आला. 'कुकिया'. इंग्रजीत फावा बीन, आपल्याकडे उत्तरेत बाकला म्हणतात ती. तिथे कोवळे दाणे कच्चेच मिठाबरोबर खातात. मुलाने शेंग उचलली तशी यायांनी त्याचा हात धरला आणि मला काहीतरी विचारलं. दोनदा विचारलं. मला वाटलं, शेंगा वजन करायच्या आधी खाऊ नका म्हणतायत. थोडा रागच आला. अर्धा किलो घेतल्या, पैसे दिले, आणि घरी येताना तो वाटेभर सोलून खात आला.

शुक्रवारी सकाळी त्याला लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. ओठ पांढरे, डोळे पिवळे, अंग तापलेलं, आणि एरवी एका जागी न बसणारा मुलगा सोफ्यावर निपचित. हॉस्पिटलमध्ये तिथल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "याने कुकिया खाल्ल्या का?"

तेव्हा मला कळलं, याया काय विचारत होत्या.

आता हे सोपं करून सांगते. आपल्या लाल रक्तपेशींमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाचं एक एन्झाइम असतं. त्याचं काम पेशीला गंजण्यापासून वाचवणं, असं समजा. काही जणांमध्ये ते जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना काहीच त्रास नसतो, धावतात, खेळतात, रिपोर्टही नॉर्मल. पण बाकल्याच्या दाण्यात व्हायसिन आणि कॉन्व्हायसिन अशी दोन द्रव्यं असतात. पोटात गेल्यावर त्यांपासून जे तयार होतं ते रक्तपेशींना गंजवतं, आणि ज्यांच्याकडे संरक्षण नाही त्यांच्या पेशी एक-दोन दिवसांत भराभर फुटतात. काळसर लघवी ही त्या फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनची. माझ्या मुलाचं हिमोग्लोबिन ५.८ वर आलं होतं. त्याला रक्त द्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी त्याने बिस्किट मागितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मला हे माहीत नव्हतं का? होतं. एमबीबीएसला चार मार्कांचा प्रश्न म्हणून पाठ केलं होतं. आणि हा मुलगा जन्मला तेव्हा त्याची कावीळ वाढून चार दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं होतं. "बऱ्याच बाळांना होते" असं कोणीतरी म्हणालं आणि डॉक्टर असूनही मी पुढे विचारलं नाही.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणजे मुलाला तो आईकडून येतो. त्या रात्री मी नाशिकला फोन लावला. लहानपणी घरात ऐकलं होतं की दादाला मलेरियाच्या गोळ्यांनी कावीळ झाली होती आणि कोणीतरी झाडपाल्याने उतरवली होती. आईने तेच पुन्हा सांगितलं, वर "लघवी कोका-कोलासारखी व्हायची बघ" हेही. ती कावीळ यकृताची नव्हतीच. मलेरिया परत येऊ नये म्हणून देतात ती प्रायमाक्विन अशाच लोकांच्या पेशी फोडते. दादाची तपासणी त्याच्या वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झाली. एन्झाइम कमी.

मलेरियाचा आणि याचा संबंध आणखी जुना आहे. हा दोष असलेल्यांना गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून जिथे शतकानुशतकं मलेरिया होता तिथेच तो जास्त सापडतो. सायप्रस तसंच बेट. आपल्याकडेही पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत प्रमाण जास्त आहे, पण तो कुठल्याही घरात असू शकतो. मुलग्यांत जास्त दिसतो, मुलींनाही होऊ शकतो.

तेव्हा तुमच्या बाळाची कावीळ दिवा लावण्याइतकी वाढली असेल, तर ही तपासणी झाली का ते विचारा. प्रायमाक्विन किंवा डॅप्सोन सुरू होण्याआधीही विचारा. मात्र पेशी फुटत असताना केलेली तपासणी फसवू शकते, कारण जुन्या पेशी गेलेल्या असतात आणि नव्यांत एन्झाइम जास्त असतं. आमच्या मुलाची तीन महिन्यांनी केली. दोष असलेल्या घरात कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. आणि कृपा करून मुलाची तूर, मूग, हरभरा, वाल, चवळी बंद करू नका. माझ्याकडे अशी मुलं येतात ज्यांना 'सगळी कडधान्यं बंद' सांगितलेलं असतं आणि जी त्यापायी अशक्त झालेली असतात. टाळायचा तो बाकला. परदेशात फलाफल खाताना मात्र विचारून घ्या, इजिप्तकडे ते बाकल्याचं करतात.

पुढच्या ते पुढच्या बुधवारी आम्ही बाजारात गेलो. मुलाच्या हातावर सुईचा निळा डाग अजून होता. तो बघून यायांनी शेंगांच्या ढिगाकडे बोट केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग हवेत एका लहान मुलाची उंची दाखवली, "माय ब्रदर," म्हणाल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भावाचं काय झालं ते विचारण्याइतकं ग्रीक मला येत नव्हतं. मग त्यांनी शेंगांवर पोतं टाकलं, गाडीच्या दुसऱ्या टोकाकडून पिवळेधमक लोकाट ओंजळभर उचलले आणि त्याच्या टोपीत ओतले. पैसे घेतले नाहीत.