दिसलं तेवढंच सांग



आमच्या सांडोरचे काका या उन्हाळ्यात गेले. वय ऐंशीच्या पुढे, म्हणजे अकाली गेले असे कुणी म्हणणार नाही. पण नोकरीच्या इतक्या वर्षांत कुणाही शेतकऱ्याला सल्ला देण्यापूर्वी मी मनातल्या मनात ज्यांना विचारत आलो, ते आता नाहीत. म्हणून हे चार शब्द.

काका शेतकी शिकलेले नव्हते. तरुणपणी ते नौदलाच्या विमानात होते. नौदल म्हटले की आपल्याला जहाज आठवते, पण नौदलाचीही विमाने असतात. १९६१ साली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका आपल्या नौदलात आली. तिच्यावर ‘अलिझे’ नावाची फ्रेंच विमाने होती. समुद्रावर फिरून पाणबुड्या हुडकणे हे त्यांचे काम. विमानात माणसे तीन. विमान चालवणे काकांच्या हाती नव्हते. यंत्रावर काय दिसते ते पाहायचे आणि सांगायचे, एवढेच त्यांचे काम.

मी दापोलीला शेतकीची पदवी घेऊन वसईत रुजू झालो, तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. एका वाडीत केळीची पाने कडेने करपत होती. मालक विचारीत होते, खत कोणते घालू? शेजारच्या वाडीतून काका आले आणि मला विहिरीवर घेऊन गेले. पाणी मचूळ लागले. मग त्यांनी आपली वही दाखवली. विहिरीतली पातळी, पाण्याची चव, पंप किती तास चालला, पाऊस किती, सारे रोजच्या रोज लिहिलेले!

समुद्रकाठी जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. केळीला खारे पाणी सोसत नाही. हे मी पुस्तकात वाचले होते. काकांच्या वहीत ते रोजच्या आकड्यांनी दिसत होते.

त्या दिवशी ते म्हणाले, “विमानात माझ्या हातात काही नसायचं. पण मी ‘डावीकडे काहीतरी आहे’ म्हटलं, की तिघांचा जीव डावीकडे वळायचा. तुझंही तसंच आहे, साहेबा. नांगर तुझ्या हातात नाही, पण तू बोललास की माणूस कर्ज काढतो. दिसलं तेवढंच सांग. नाही दिसलं तर दिसत नाही म्हण. त्यात कमीपणा नाही.”

युद्धाच्या गोष्टी ते सांगत नसत. एकदाच बोलले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपली ‘खुक्री’ बुडाली. दुसऱ्या दिवशी पश्चिम समुद्रावर गेलेले एक अलिझे शत्रूच्या लढाऊ विमानाने पाडले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन हे तिघे परतले नाहीत. नावे घेऊन काका उठले आणि केळीला पाणी लावायला गेले.

पुढे एका उन्हाळ्यात काही बागायतदार माझ्याकडे आले. मोठी मोटर बसवायची होती, कर्जासाठी माझी शिफारस हवी होती. मी म्हटले, आधी एक महिना विहिरी मोजू. लोक रागावले. कुणी म्हणाले, साहेबाला काही येत नाही. तरी मोजल्या. सकाळी गोडे असलेले पाणी संध्याकाळी मचूळ होत होते. मोठी मोटर राहिली. त्याऐवजी पाळी लावून, विहिरीला विश्रांती देऊन उपसा करायचे ठरले. पावसाचे पाणी जिरावे म्हणून काकांनी आपले बावखल कधी बुजू दिले नव्हते. तेही लोकांनी तेव्हा नीट पाहिले.

काकांच्या वह्या घरी आहेत. आता पातळी त्यांची नातसून लिहिते.

बंधू-भगिनींनो, आपले गाव समुद्रापासून दूर असेल, तरी विहीर आहेच. एका दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि शाळकरी मुलांची एक वही घ्या. रोज सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी पाणी कुठे आहे ते लिहा. उद्या माझ्यासारखा कुणी साहेब सल्ला द्यायला आला, तर आधी ती वही त्याच्या हातात द्या.